नुकुहिफोच्या दोन टाक्या

रविवारी चर्चमधून बाहेर पडतानाच लेसिएलीनं ठरवलं होतं, की दादाकडे जायचं, पोटभर जेवायचं आणि उद्याच्या बैठकीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पण तोआकासे आत्या घरात असताना बाकीच्यांनी काय ठरवलंय याला काडीची किंमत नसते. हे ती लहानपणापासून शिकत आली होती आणि दर वेळी विसरत आली होती.

दादाच्या घरी ओसरीवर तिची वहिनी, लोसालिने, एक चटई उलगडून उन्हाला धरत होती. केवड्याच्या पातीची चटई, चारचौघांत कपड्यांवरून कमरेला बांधावीच लागते तशी, आणि वीण इतकी बारीक की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. वर्षभर चाललं होतं ते काम. पोरांची आजारपणं, चर्चची जेवणं, वादळानंतरची आवराआवर, सगळं सांभाळून दुपारच्या झोपेच्या वेळात तिनं ती विणली होती. लेसिएलीनं चटई हातात घेतली, कमरेला लावून पाहिली आणि सहज म्हणाली, "काय गं देखणी झालीय ही. उद्या समितीत मला अशीच हवी होती."

"न्या की वन्सं," लोसालिने म्हणाली. तिनं लगेच घडी घातली, पिशवीत सरकवली आणि पिशवी नणंदेच्या हातात दिली. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी होतं. लेसिएली पिशवी घेऊन आत गेली. तिच्या मनात दुसरं काही आलंही नाही, आणि का यावं? आमच्या बेटांवर नवऱ्याच्या बहिणीला नाही म्हणत नाहीत. बहीण धाकटी असली तरी भावापेक्षा वरची, आणि बापाची बहीण तर सगळ्या घराच्या वर. लग्नात मानाची चटई आत्याला, मयताला सगळ्यात उंच जागा आत्याला, आणि डुकराचा कुठला तुकडा कुणाच्या पानात पडणार तेही आत्याच ठरवणार.

दादा, सातेकी, मागच्या अंगणात होता. भट्टीचे दगड बाजूला करून त्यानं वाफाळलेल्या पुड्या वर काढायला घेतल्या होत्या. अळूच्या पानांत बांधलेलं, नारळाच्या दुधात शिजलेलं खारं मांस, कोनफळाचे तुकडे, नीरफणस. खिडकीतून त्याची पाठ तेवढी दिसत होती. दादा आणि ती दहा-बारा वर्षांचे झाले तेव्हापासून एका खोलीत गप्पा मारत बसलेले नव्हते. भावाबहिणीनं तसं बसू नये. काही सांगायचं असलं तर आधी आईमार्फत जायचं, आता वहिनीमार्फत. त्यात परकेपणा काही नव्हता, उलट जगात दादाइतका जीव तिनं कुणाला लावला असेल असं नाही. फक्त त्याच्या डोळ्यांत बघून सरळ प्रश्न विचारण्याची वेळ आयुष्यात कधी आली नव्हती.

ती वेळ उद्या येणार होती.

सातेकी बेटांना पाणी पुरवणाऱ्या खात्याचा प्रमुख. लेसिएली नवऱ्याच्या बाजूच्या बेटांवरून निवडून येऊन संसदेत गेलेली, आणि खात्यांच्या खर्चाची विचारपूस करणाऱ्या समितीत बसलेली. उद्या सकाळी त्याच समितीपुढे सातेकीचं खातं उभं राहायचं होतं. भाऊ समोर येणार म्हटल्यावर तिनं अध्यक्षांकडे जाऊन सांगितलं होतं, की मी उद्या बाहेर बसते. अध्यक्ष म्हातारे सरदार, तोंडात कायम पेपरमिंट. ते म्हणाले, "बाई, या देशात नातेवाइकांना बाहेर काढायला लागलो तर बैठक पंख्याला चालवावी लागेल. माझा साडू अर्थखात्यात आहे. तुमच्या शेजारी बसणाऱ्या होपोआतेंचा जावई बंदरावर आहे. नातं आहे असं नोंदवा आणि बसा."

आणि खरं सांगायचं तर तिला बाहेर बसायचंही नव्हतं. गेल्या महिन्यात ती नुकुहिफोला जाऊन आली होती. टोकाचं बेट, आठवड्यातून एकदा बोट, तीही समुद्राच्या मनात असेल तर. वादळानं तिथल्या विहिरीत खारं पाणी घुसलं होतं, म्हणून खात्यानं पावसाचं पाणी साठवायला बारा टाक्या मंजूर केल्या. गावातल्या बायकांनी वाळू वाहून, सिमेंट कालवून बारा चौथरे स्वतः बांधले. दहांवर टाक्या उभ्या होत्या. शाळेमागचे दोन चौथरे रिकामे होते आणि त्यांवर कोंबड्या बसलेल्या होत्या. उहेइना नावाची तिथली एक बाई तिला ते दाखवायला घेऊन गेली. तक्रार म्हणून नाही. उलट चौथरे कसे सपाट झालेत हे कौतुकानं दाखवत ती म्हणाली, "दोन मागून येणाऱ्या बोटीनं येतायत. बोट आली की आम्ही बघायला जातो." दहा टाक्या येऊन वर्ष होत आलं होतं. त्या बाया अजून दर बोटीला धक्क्यावर जात होत्या.

त्या दोन टाक्या कुठे आहेत हे लेसिएलीला तिथे उभ्या उभ्याच कळलं होतं. आत्याच्या गावाला, हालामोआनाला, चर्चच्या मागे. हिरव्या, अंगावर खात्याची पांढरी लाट. त्या लाटेवर चर्चच्या पोरांनी रंग फासला होता, पण उन्हानं तो पोपडे धरून पडला आणि लाट पुन्हा वर आली. तिथलं पाणी ती स्वतः कितीदा प्यायली होती. गोड पाणी होतं.

जेवणं सुरू झाली ती आत्यानं प्रार्थना म्हटल्यावर. तिनं पहिली पुडी उघडली, बोटभर खाल्लं, मान डोलवली, मग बाकीच्यांनी हात लावला. सत्तरी उलटली तरी तिची पाठ ताठ होती आणि आवाज तिसऱ्या घरी जायचा. आधी चर्चमधल्या गायनाला नावं ठेवून झाली, मग धर्मगुरूंच्या प्रवचनाला. मग ती लेसिएलीकडे वळली.

"उद्या तुमची समिती माझ्या पोराला काय विचारणार आहे?"

"खात्यानं वर्षभर कशावर काय खर्च केलं, ते," लेसिएली म्हणाली.

"आणि तू?"

"मी समितीत आहे ना, आत्या."

"आहेस तर बस की. खुर्चीवर बसावं, पंख्याचा वारा घ्यावा, चहा येईल तो प्यावा. तोंड उघडायचं काही कारण नाही."

आत्यानं कोनफळाचा तुकडा मोडला आणि पुढे सुरू झाली. तिला वाटलं, पोरीला नीट समजावून सांगितलं की झालं. वादळात हालामोआनाच्या चर्चचं छप्पर उडालं, विहीर नासली, तेव्हा कुठली समिती आली होती? खात्याचा ट्रक टाक्या घेऊन बंदराकडे निघालेला तिला रस्त्यात दिसला. तिनं हात करून थांबवला. सातेकी पुढेच बसला होता. ती म्हणाली, दोन इथे उतरव. त्यानं उतरवल्या. संपलं. "मी काय माझ्या परसात नेऊन ठेवल्या? देवाच्या दारात ठेवल्या. सगळं गाव पितं. पाणी प्यायला माणसं ती माणसं, मग ती इकडली असोत नाहीतर तिकडली."

"नुकुहिफोची पण माणसंच आहेत, आत्या."

"असतील. मी त्यांना ओळखत नाही."

हे ती रागानं बोलली नव्हती. खरंच ओळखत नव्हती, म्हणून तसं बोलली. लेसिएलीला जेवण जाईना. आत्या वाईट बाई असती तर सोपं झालं असतं. पण वडील गेले तेव्हा याच बाईनं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रात्र काढली होती, आणि लेसिएलीच्या निवडणुकीत हालामोआनाहून बोट भरून माणसं बेटांवर प्रचाराला पाठवली होती. तिचा हात देताना मोकळा आणि घेतानाही मोकळा. फक्त या दोन्हींत काही फरक असतो हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

भांडी उचलायच्या निमित्तानं लोसालिनेनं नणंदेला स्वयंपाकघरात गाठलं. ती आधी बशा विसळत राहिली. मग पाठमोरीच बोलायला लागली, की हे रात्र-रात्र झोपत नाहीत. समितीतले बाकीचे काय, डिझेल विचारतील, टायर विचारतील, त्याची उत्तरं आहेत. टाक्यांचं कुणी विचारलंच तर पोहोचल्या म्हणतील, आणि पोहोचल्या तर आहेतच, कुठेतरी. होपोआते विचारतील तर हे निभावून नेतील.

"पण तुम्ही विचारलंत ना वन्सं, तर ते खोटं बोलणार नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला ते माहीत आहे. तुमच्यासमोर त्यांना ते जमायचंच नाही. आणि आत्याबाईंचं नाव ते मेले तरी घेणार नाहीत. मग राहिलं कोण? हेच. नोकरी जाईल, घर खात्याचं आहे ते जाईल. पोरं शाळेत आहेत अजून. मी तुमच्या पाया पडते, पण उद्या तुम्ही गप्प बसा."

लेसिएलीनं विचारलं, "दादा काय म्हणतो?"

लोसालिनेनं हात पुसले आणि ती अंगणात गेली. खिडकीतून दिसलं, की सातेकीनं ऐकून घेतलं, हातातला दगड खाली ठेवला, थोडा वेळ भट्टीतल्या राखेकडे बघितलं आणि काहीतरी सांगितलं. लोसालिने परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"म्हणाले, तिला विचारायचं ते तिनं विचारावं. आणि तुम्ही नीट जेवला नाहीत, ती दुसरी पुडी खाऊन जा म्हणाले. गार झाली की मजा जाते तिची."

लेसिएलीनं उभ्या उभ्या ती पुडी उघडली आणि पूर्ण खाल्ली.

सोमवारी समितीच्या खोलीत पंखा नेहमीसारखा एका बाजूला हलत होता. टेबलावर रेडिओवाल्यांचा माइक होता, कारण ही बैठक थेट ऐकवतात आणि आमच्याकडे ती लोक रग्बीच्या सामन्याइतकी मन लावून ऐकतात. दुकानांत, टॅक्सीत, चटया विणणाऱ्या बायकांच्या घोळक्यात, सगळीकडे रेडिओ चालू असतात. सातेकी वेळेच्या आधी येऊन बसला होता. अंगात पांढरा सदरा, कमरेला वडिलांची जुनी काळपट चटई, हात टेबलावर जोडून ठेवलेले. लेसिएलीच्या कमरेला लोसालिनेची नवी चटई होती. ती अजून वाकायला शिकली नव्हती आणि बसताना पोटाला टोचत होती.

होपोआतेंनी सुरुवात केली. हे गावोगाव दुकानं असलेले गृहस्थ, त्यामुळे डिझेलचा भाव त्यांना तोंडपाठ. त्यांनी विचारलं, खात्याची बोट समुद्रावर चालते की डिझेलवर तरंगते. लोक हसले. सातेकीनं शांतपणे फेऱ्या सांगितल्या, वाऱ्याचे दिवस सांगितले, इंजिन कधी बिघडलं ते सांगितलं. मग टायर झाले. मग एका उद्घाटनाच्या जेवणात इतकी डुकरं कशी लागली हे झालं. त्यावर सातेकी म्हणाला, की पाहुण्यांत समितीचे तीन सदस्य होते. पुन्हा हशा झाला आणि अध्यक्षांनी पेपरमिंट या गालातून त्या गालात नेलं. खोलीतल्या सगळ्यांचं सातेकीबद्दल मत चांगलं होतं आणि ते दर उत्तरागणिक आणखी चांगलं होत होतं. दादा आपलं काम चोख जाणतो, हे लेसिएलीला पहिल्यांदाच समोर बसून बघायला मिळत होतं. तिला त्याचा अभिमान वाटला, आणि त्यानंच जीव जास्त कासावीस झाला.

"टाक्या," होपोआते पान उलटत म्हणाले. "नुकुहिफोच्या बारा. पोहोचल्या?"

"पोहोचल्या," सातेकी म्हणाला.

"छान. पुढचं कलम."

अध्यक्षांनी मान हलवली. पुढचं कलम पंपांचं होतं. एवढ्यावर हे मिटणार होतं, आणि मिटलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं, एक त्या बेटावरच्या बायकांचं सोडून. बुधवारी बोट होती. त्या धक्क्यावर जाणार होत्या. लेसिएलीला ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

"अध्यक्षमहोदय," ती म्हणाली, "माझा एक प्रश्न आहे."

सभेचा नियमच असा, की सदस्यानं जे विचारायचं ते अध्यक्षांना विचारायचं आणि अध्यक्षांनी साक्षीदाराला. इतके दिवस तिला तो नियम उगाच वेळकाढू वाटायचा. आज तिनं त्याचे मनातल्या मनात आभार मानले. दादाकडे न बघता, म्हाताऱ्या सरदारांकडे तोंड करून तिनं विचारलं, की बारापैकी नुकुहिफोच्या धक्क्यावर किती उतरल्या, एवढं साक्षीदारांनी सांगावं.

अध्यक्षांचं पेपरमिंट थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, सातेकीकडे पाहिलं. ती कुणाची कोण आणि तो कुणाचा कोण हे खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. होपोआतेंनी पेन खाली ठेवलं.

"किती उतरल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

सातेकीनं टेबलाच्या कडेकडे बघत उत्तर दिलं. "दहा."

"मग दोन?"

"हालामोआनाला आहेत. चर्चच्या मागे."

मागच्या बाकांवर ऐकायला बसलेलं कुणीतरी खोकलं. होपोआते पुढे झुकले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. त्यांनी विचारलं, हे कुणाच्या सांगण्यावरून झालं. सातेकी म्हणाला, खात्याचा प्रमुख मी आहे, मीच उतरवल्या. कुणी सांगितलं ते विचारतोय, होपोआते म्हणाले. मी उतरवल्या, सातेकीनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच. हालामोआनाला कोण राहतं हे निम्म्या देशाला माहीत होतं, पण नाव कुणाच्याच तोंडून निघेना.

अध्यक्ष लेसिएलीकडे वळले. "तुमचं आणखी काही?"

नाव ती घेऊ शकली असती. तोंडापर्यंत आलंही होतं. पण दादानं जे तीनदा गिळलं ते आपण बाहेर काढायचं, हे तिच्यानं होईना. आणि नुसत्या नावानं काय होणार होतं? उद्या दुसरी टाकी, दुसरा ट्रक, दुसरी कुणाची आत्या.

"एवढंच विचारावं अध्यक्षमहोदय," ती म्हणाली, "की ज्यांनी सांगितलं त्यांना नाही म्हणणं यांना शक्य होतं का."

अध्यक्षांनी तो प्रश्न पुढे सरकवलाच नाही. त्या खोलीत असा एक माणूस नव्हता ज्यानं कधी ना कधी आपल्या आत्यासाठी काहीतरी उतरवून दिलेलं नव्हतं. मग सातेकीनं मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं बहिणीकडे सरळ पाहिलं.

"नव्हतं," तो म्हणाला.

"मग," अध्यक्ष हळूच म्हणाले, "खात्यासाठी, नाही म्हणता येईल असा माणूस बघावा लागेल."

"हो. बघावा लागेल," सातेकी म्हणाला.

संध्याकाळपर्यंत हुकूम निघाला. चौकशी पुरी होईपर्यंत सातेकीनं घरी बसायचं, आणि दोन्ही टाक्या नुकुहिफोला पोचवायच्या. लेसिएलीनं वहिनीला दोनदा फोन केला. लोसालिनेनं उचलला नाही.

मंगळवारी सकाळी ती हालामोआनाला गेली. कुणी बोलावलं नव्हतं, पण गेलं नाही तर जन्मभर जाता येणार नाही हे तिला कळत होतं. आत्याकडून ऐकाव्या लागणाऱ्या सगळ्या शिव्यांची तिनं रस्त्यात मनात उजळणी केली. चर्चच्या आवारात खात्याचा ट्रक उभा होता. टाक्या रिकाम्या करून पाण्याचा लोंढा परसात सोडला होता, आणि चार-पाच जण मिळून पहिली टाकी आडवी करत होते. त्यात सातेकीही होता, घामानं निथळत. त्याला घरी बसायचा हुकूम होता, टाक्या उचलायला बंदी नव्हती. लोसालिने कडेला जमलेल्या बायकांबरोबर उरलेलं पाणी डब्यांत भरून घेत होती. तिनं नणंदेला पाहिलं आणि मान फिरवली.

तोआकासे आत्या नीरफणसाखाली खुर्ची टाकून बसली होती आणि तिथून हुकूम सोडत होती. दोर असा बांधा, पाइप मोडू नका, त्या पांढऱ्या लाटेवरचा रंग खरवडून काढा, परक्या गावात असला अवतार पाठवायचा नाही. लेसिएली तिच्या पायाशी गवतावर बसली. आत्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"माझ्याकडून कुणी काही नेत नाहीये," आत्या ट्रककडे बघतच म्हणाली. "मी देतेय. समजलं ना? त्यांना जाऊन सांग, तोआकासेनं दिल्या."

"सांगते."

"चर्चला आता मी दुसऱ्या घेईन. माझ्या पोरी न्यूझीलंडहून पाठवतील."

"हो, आत्या."

पहिली टाकी ट्रकवर चढली. पोरांनी ओरडा केला. 

"रेडिओ लावून बसलो होतो सगळ्या," आत्या म्हणाली. "विणत होतो. तू ते विचारलंस आणि सगळ्या बायकांचे हात थांबले. माझ्याकडे कुणी बघेना." तिनं बाहीच्या टोकानं नाक पुसलं. "तुझ्या बापानं मला उभ्या जन्मात नाही म्हटलं नाही. बोट मागितली, दिली. जमीन मागितली, दिली. माझा भाऊ किती गुणाचा, असं मी गावभर सांगत फिरले. काल रात्री पडल्या पडल्या विचार केला, त्याला त्यातलं काय द्यायचं होतं आणि काय नव्हतं. मला एकही गोष्ट सांगता येईना गं. साठ वर्षं सख्खा भाऊ होता तो माझा."

लेसिएलीनं तिच्या पायावर हात ठेवला. आत्यानं तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

"जा आता," आत्या म्हणाली. "मी तुझ्यावर रागावलेली आहे. बरेच दिवस राहणार आहे."

लेसिएली उठली. ट्रकच्या सावलीत सातेकी दोराची गाठ आवळत होता. तिला येताना पाहून तो सवयीनं ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गेला, आणि तिनंही सवयीनं त्याला जाऊ दिलं. आत्याचे शब्द मात्र पाठ सोडत नव्हते. दादाच्या पोरांची आत्या कोण? आज ना उद्या झाडाखालची ती खुर्ची कुणाची? तिचा हात कमरेच्या चटईवर गेला. पात अजून टोचत होती.

लोसालिने डब्याला झाकण लावत होती. लेसिएली तिच्याशेजारी उकिडवी बसली.

"वहिनी, एक विचारू?"

"विचारा की. तुम्हाला कोण अडवणार." आवाज कोरडा होता.

"ही चटई मी परवा मागितली, तेव्हा तुला द्यायची होती का?"

"असं काय विचारता वन्सं. तुमच्यासाठीच तर—"

"वहिनी."

लोसालिनेनं ट्रककडे पाहिलं, झाडाखालच्या आत्याकडे पाहिलं. झाकण तिनं काढलं आणि पुन्हा लावलं.

"नाही," ती म्हणाली. आणि एकदा म्हटल्यावर तिला थांबता आलं नाही. "नव्हती द्यायची. पोरीच्या लग्नासाठी विणली होती. तुम्ही कमरेला लावलीत आणि मी हसत घडी घालून दिली. आणि तीच नेसून तुम्ही ह्यांना विचारायला बसलात."

लेसिएली उठली आणि तिनं कमरेची दोरी सोडली. चटई काढली, तिची नीट घडी घातली आणि वहिनीच्या मांडीवर ठेवली. मग लक्षात आलं, की चर्चच्या आवारात, सगळ्या गावासमोर आपण कमरेला काही न बांधता उभ्या आहोत. बायका बघायला लागल्या होत्या. नीरफणसाखालून आत्याच्या भुवया वर गेल्या.

लोसालिनेनं तिला आपादमस्तक पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ट्रकच्या पुढच्या सीटवर तिची घरात वापरायची जुनी चटई पडली होती, भट्टीच्या ठिणगीनं एका जागी जळलेली, ओझं उचलताना खांद्यावर घ्यायला आणलेली. ती तिनं आणली आणि नणंदेपुढे धरली.

"ही घ्या," ती म्हणाली. "ही मी देते."

लेसिएलीनं ती कमरेला बांधली, भोक पुढे येणार नाही अशी फिरवून घेतली, आणि दोघी दुसऱ्या टाकीला हात लावायला गेल्या.